नवा आरसा आणि आमच्या मुली

(नभोवाणीवरील भाषण)

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो कित्येकांस हंसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. तेरा ते अठरा वर्षांच्या मुली हातांतल्या मोबाइलवर तासन्‌तास इतर मुलींचीं छायाचित्रें पाहतात, स्वतःचीं काढतात व जगापुढें मांडतात. आणि त्या पाहण्या-मांडण्यांतून आपल्या शरीराविषयीं त्यांच्या मनांत जी नाराजी घर करिते, तिचा विचार आपणांस करावयाचा आहे. "मुलींना नटण्याची हौस असायचीच. आमच्या वेळीं आरसा होता, आतां मोबाइल आला. त्यांत नवल तें काय?" असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. म्हणून जुन्या आरशांत आणि या नव्या आरशांत फरक काय, तें प्रथम पाहूं. त्या फरकामुळें अपाय होतो याला पुरावा काय, तें नंतर पाहूं. आणि आपण वडीलधाऱ्या मंडळींनीं काय करावें, हें शेवटीं ठरवूं.

आरसा ही वस्तु फार जुन्या परिचयाची. त्याचा गुण असा कीं, तो समोर असेल तेवढेंच दाखवितो आणि आपण बाजूला झालों कीं तोहि रिकामा होतो. तो कोणाशीं तुलना करीत नाहीं व पाहिलेलें कोणाला सांगत नाहीं. तुलनेचें काम चित्रांनीं सुरू केलें. १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना निघाला, आणि लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें घरोघरच्या भिंतींवर लागलीं. त्यांच्याबरोबर उजळ वर्ण, रेखीव नाक, लांबसडक केंस असा रूपाचा एक ठरीव नमुनाहि घरांत आला. मागाहून बोलपट आले, नटींच्या तसबिरी आल्या, जाहिराती आल्या. तथापि भिंतीवरच्या लक्ष्मीला मुलगी हात जोडीत असे. तिच्याशीं स्वतःला ताडून पाहात नसे. नटीचीहि गोष्ट बहुतांशीं तीच. ती निराळ्या जगांतली, तिचें रूप हा तिचा व्यवसाय, अशी समजूत मनांत असे, आणि त्या समजुतीनें मुलीचें थोडेंबहुत रक्षण होई.

नव्या आरशानें पहिला घाव घातला तो या समजुतीवर. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, मनुष्य स्वतःची किंमत ठरवितांना आपल्याहून फार दूरच्या माणसाशीं तुलना करीत नाहीं, आपल्यासारख्याशींच करितो. नववींतली मुलगी स्वतःला महाराणीशीं तोलीत नाहीं. ती शेजारच्या बांकावरच्या मुलीशीं तोलते. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांत दिसते ती हीच शेजारच्या बांकावरची मुलगी. तिचें वय तेंच, गणवेश तोच, शिकवणीचा वर्गहि कदाचित् तोच. मात्र जें दिसतें तें तिचें रोजचें रूप नव्हे. वीस-पंचवीस छायाचित्रें काढून त्यांतलें एक निवडलेलें, उजेड साधलेला, कोन साधलेला, आणि वर कांहीं सुधारणा केलेली, असें तें रूप असतें. पाहणारीला हें ठाऊक नसतें असें नाहीं; तीहि तेंच करिते. पण "दिसतें तसें नसतें" ही म्हण पाठ असूनहि जग फसतेंच, कारण डोळ्यांनीं पाहिलेलें मनांत आधीं उतरतें आणि बुद्धीचें स्मरण मागाहून येतें.

दुसरा फरक आंकड्यांचा. पूर्वीं कोणी "बरी दिसतेस हो" असें म्हटलें तर तो शब्द हवेंत विरून जाई. आतां प्रत्येक छायाचित्राखालीं पसंतीची संख्या उमटते, आणि ती सर्वांस दिसते. एकीला दोनशें, दुसरीला चाळीस. मी गणिताचा शिक्षक होतों. आंकड्यांविषयीं माझ्या मनांत आदर आहे. परंतु आंकडा कशाचें माप आहे हें न पाहतां जो त्याला मान देतो, त्याची गणितांत फसगत होते आणि आयुष्यांतहि. पसंतीचा आंकडा ओळखी किती, फोटो कोणत्या वेळीं टाकला, यंत्रानें तो किती जणांपुढें सरकविला, या सर्वांची बेरीज असतो. मुलगी मात्र तो आपल्या रूपाचा गुणांक म्हणून वाचते, आणि आपण नापास झालों असें समजते.

तिसरा फरक निवड करणाऱ्या यंत्राचा. हा डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें अधिक सांगतों. मोबाइलच्या पडद्यावर एकामागून एक जीं चित्रें येतात तीं यदृच्छेनें येत नाहींत. आपण कोणत्या चित्रापाशीं किती वेळ थांबलों, कोणतें पुन्हां पाहिलें, याची नोंद होत असते, आणि त्या नोंदींवरून पुढचें चित्र निवडलें जातें. कंपनीचें उत्पन्न जाहिरातींचें. मनुष्य जितका वेळ पडद्यापुढें राहील तितक्या जाहिराती त्याला दिसणार. म्हणून यंत्राला एवढीच आज्ञा असते कीं, याला खिळवून ठेव. समजा, एखादी मुलगी वजन उतरविण्याच्या एखाद्या चित्रफितीपाशीं दहा सेकंद अधिक रेंगाळली. ती आवडीनें रेंगाळली कीं धास्तीनें, हें यंत्राला समजत नाहीं. त्याला दहा सेकंद तेवढे समजतात. तें आणखी एक तसलीच चित्रफीत पुढें करितें, मग आणखी एक. आठवड्याभरांत त्या मुलीच्या पडद्यावर वजन, कंबर व उपासतापास यांखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. आणि सारें जग याच एका काळजींत आहे, अशी तिची खात्री होते.

श्रोतेहो, या तीन फरकांचा एकत्र परिणाम काय होतो, तें आपल्याच घरांतल्या एका जुन्या रिवाजावरून चटकन् ध्यानांत येईल. मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. पाट मांडलेला, पोह्यांच्या बशा हातांत, समोर चार परकीं माणसें, आणि त्यांची ती वरपासून खालपर्यंत जाणारी नजर. उंची किती, रंग कसा, चष्मा आहे का, जरा चालून दाखव. या प्रकारांत मुलीचा अपमान आहे असें आमच्या सुधारकांनीं कंठशोष करून सांगितलें, आणि शिकल्यासवरल्या घरांतून त्याची धार पुष्कळ कमी झाली. परंतु तो प्रसंग मुलीवर आयुष्यांत दोनदां-चारदां येई, अर्धा-पाऊण तास चाले, आणि तो संपला कीं आई जवळ घेई. आज त्याच घरांतली चौदा वर्षांची मुलगी दररोज रात्रीं आपण होऊन पाटावर बसते. पाहणारे चार नसून चारशें असतात. ते नापसंती बोलून दाखवीत नाहींत. नुसते गप्प राहून पुढें सरकतात. आणि आई जवळ घेत नाहीं, कारण हा प्रसंग घडला हें आईला ठाऊकच नसतें.

आतां पुरावा पाहूं. चित्रांमुळें मुलींच्या मनावर खरोखरच परिणाम होतो का, याचा एक बोलका दाखला पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटांत मिळतो. तेथें अंगानें भरलेली स्त्री हीच सुदृढ व सुखवस्तु समजली जाई. कोणी वाळली तर शेजारीपाजारी काळजी करीत. तेथील नाद्रोगा प्रांतांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर या विदुषीनें त्याच वर्षीं तेथील ६३ शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि तीन वर्षांनीं, १९९८ सालीं, त्याच वयाच्या ६५ मुलींची पुन्हां केली. खाण्यापिण्याविषयींची विकृत चिंता दर्शविणाऱ्या मुलींचें प्रमाण १२.७ टक्के होतें तें २९.२ टक्के झालें. वजन कमी राहावें म्हणून खाल्लेलें अन्न मुद्दाम ओकून टाकणारी मुलगी पहिल्या पाहणींत एकहि नव्हती. दुसऱ्या पाहणींत असें करणाऱ्या ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान आहे, आणि तीन वर्षांत फिजींत इतरहि बदल झाले असतील, हें मान्य. तरीपण एका पिढींतहि नव्हे, अवघ्या तीन वर्षांत, शेंकडों वर्षांची आवड अशी डळमळावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आणि ती दूरचित्रवाणी होती. ती निदान बैठकींतल्या कोपऱ्यांत असे, उशीखालीं नसे.

दुसरा पुरावा खुद्द कंपनीच्या घरांतला. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें व २०१२ सालीं तें फेसबुक कंपनीनें विकत घेतलें. २०२१ च्या सप्टेंबरांत 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्रानें त्या कंपनीचीं कांहीं अंतर्गत टिपणें उजेडांत आणलीं. फ्रान्सेस हॉगेन नांवाच्या बाईंनीं, ज्या तेथें नोकरीस होत्या, तीं बाहेर आणलीं होतीं, आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं त्यांनीं अमेरिकेच्या सिनेटपुढें साक्ष दिली. त्या टिपणांत असें नमूद होतें कीं, स्वतःच्या शरीराविषयीं वाईट वाटत असतां इन्स्टाग्राममुळें तें अधिकच वाईट वाटूं लागलें, असें ३२ टक्के मुलींनीं सांगितलें. कंपनीनें उत्तर दिलें कीं, हा आंकडा सर्व मुलींचा नसून ज्यांना ही काळजी आधींच लागलेली होती त्यांच्यापैकींचा आहे, आणि त्याचा विपर्यास झाला आहे. हें उत्तर क्षणभर मान्य करूं. तरी त्याचा अर्थ इतकाच होतो कीं, ज्या मुली आधींच दुखावलेल्या होत्या त्यांच्यांतील तिघींत एकीच्या जखमेवर मीठ पडलें. दुखावलेल्याला अधिक जपावें, हा आपला साधा व्यवहार. येथें तो उलटा झाला.

परंतु शिक्षकानें तराजूचीं दोन्ही पारडीं दाखविलीं पाहिजेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलनें मे २०२३ मध्यें या विषयावर एक सूचनापत्र काढलें. त्यांत १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या एका पाहणीचा हवाला आहे. समाजमाध्यमांमुळें शरीराविषयीं अधिक वाईट वाटतें असें ४६ टक्क्यांनीं सांगितलें. कांहीं फरक पडत नाहीं असें ४० टक्क्यांनीं. आणि १४ टक्क्यांनीं तर बरें वाटतें असें सांगितलें. म्हणजे सर्वांनाच अपाय होतो असें नव्हे. ज्या मुलीच्या अंगावर कोड आहे, किंवा जी व्हीलचेअरवर बसते, तिला आपल्यासारखी दुसरी मुलगी गांवांत भेटली नसेल, ती येथें भेटते. ही लहान गोष्ट नव्हे. मोबाइल म्हणजे विष असें मी म्हणत नाहीं. पण ज्या पदार्थानें पंक्तींतल्या निम्म्या मुलांचें पोट दुखतें, तो वाढतांना आई हात आंखडता घेतेच.

आणि हात आंखडता घेतल्यानें गुण येतो, असेंहि दिसून आलें आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅनडांतील एका प्रयोगांत १७ ते २५ वर्षांच्या २२० विद्यार्थ्यांपैकीं कांहींना तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासावर आणण्यास सांगितलें, व बाकीच्यांना नेहमींप्रमाणें राहूं दिलें. वापर कमी केलेल्यांची आपल्या रूपाविषयीं व वजनाविषयीं असलेली नाराजी त्या तीन आठवड्यांतच कमी झाली. सर्वस्वीं बंद करण्याची गरज पडली नाहीं. माप ठेवणें पुरलें.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट येथें सांगतों. दहावीच्या निरोपसमारंभाचा गटफोटो काढला होता. पूर्वीं असा फोटो आला कीं मुली त्याच्याभोंवतीं गर्दी करीत आणि आपलें तोंड शोधून खिदळत. या खेपेस एक मुलगी मागें राहिली व हळूच म्हणाली, "सर, हा फोटो कोणाला पाठवूं नका. मी जाड दिसतें." ती जाड नव्हती. त्याच वर्षीं आंतरशालेय सामन्यांत लांब उडींत ती पहिली आली होती. ज्या पायांनीं तिला तें बक्षीस मिळवून दिलें, तेच पाय तिला चित्रांत खुपत होते. पायांचें काम धांवणें, उडी मारणें, भार पेलणें हें तिला शाळेनें शिकविलें होतें. पाय दिसण्यासाठीं असतात, हें तिला दुसऱ्याच कोणीतरी शिकविलें. माझ्या मतें या सबंध विषयांतलें नुकसान तें हेंच. आपलें शरीर हें आपलें साधन न राहतां दुसऱ्याच्या पाहण्याची वस्तु होऊन बसतें.

हें नुकसान केवळ मनाचें नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं ५९.१ टक्के मुलींच्या अंगांत रक्त कमी असल्याचें आढळलें. ज्या देशांत शंभरांतल्या एकोणसाठ मुलींना लोह व सकस अन्न कमी पडतें, तेथें खात्यापित्या घरांतल्या मुलीनें डब्यांतली पोळी मैत्रिणीला देऊन टाकावी व दुपारपर्यंत पाण्यावर राहावें, हा दैवाचा केवढा विपर्यास! या वयांत मुलीची उंची वाढते, हाडें भरतात, अंगावर चरबीचा थर चढतो. तो चढलाच पाहिजे, कारण पुढच्या आयुष्याची ती पुंजी आहे. बाराव्या-तेराव्या वर्षीं वजन वाढणें हा दोष नसून निसर्गाचें वेळापत्रक आहे, ही गोष्ट किती आयांनीं आपल्या मुलींना शब्दांत सांगितली असेल?

येथपर्यंत आपण मोबाइलला व परदेशी कंपन्यांना बोल लावला. आतां थोडें घराकडे वळूं, कारण यंत्रानें पेरलें असलें तरी जमीन आपण नांगरून ठेविलेली आहे. गोरेपणाचें आमचें वेड कोणा यंत्रानें आणलेलें नाहीं. 'फेअर अँड लव्हली' हें गोरें करण्याचें वचन देणारें मलम १९७५ सालीं भारतांत बाजारांत आलें आणि घरोघर गेलें. २०२० सालीं त्याचें नांव बदलून 'ग्लो अँड लव्हली' करण्यांत आलें. नांव बदललें, आवड बदलली का? वधूवरसूचक जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द आपणच घालतों. नात दिसली कीं आजी म्हणते, "अगो, किती काळवंडलीस!" मामा म्हणतो, "हिला आतां भात कमी वाढा." हंसत हंसत म्हटलेलें असतें, मायेनेंहि म्हटलेलें असतें. पण तेरा वर्षांची मुलगी तें हंसण्यावारी नेत नाहीं. ती खोलींत जाते, दार लोटते, आणि मोबाइल उघडते. आणि तेथें तेच शब्द तिला हजार तोंडांनीं ऐकूं येतात. आधीं घरांत जें ऐकलें त्याला बाहेर दुजोरा मिळाला, कीं मग तें वेदवाक्य होतें.

सरकारांनीं या बाबतींत कांहीं केलें आहे, तें थोडक्यांत सांगतों. फ्रान्समध्यें १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीच्या छायाचित्रांत स्त्रीचें अंग बारीक वा जाड करून दाखविलें असेल तर तसें त्यावर लिहिण्याचें बंधन आलें. नॉर्वेंत १ जुलै २०२२ पासून तशाच प्रकारचा कायदा अमलांत आला. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची संमति घेणें, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती न दाखविणें, अशीं बंधनें घातलीं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. हे कायदे इष्टच आहेत. परंतु कायदा दाराबाहेर पहारा करितो. दाराआंतलें काम घरच्यांनीं करावयाचें असतें.

तें काम कसें करावें? पहिली गोष्ट, मोबाइल हिसकावून घेऊं नये. हिसकावलेली वस्तु चोरून पाहिली जाते, आणि चोरून पाहणारी मुलगी दुःख झालें तरी सांगावयास येत नाहीं. त्याऐवजीं घरानें सर्वांसाठीं एक नियम करावा, आणि तो वडिलांनाहि लागू असावा: जेवतांना पानाजवळ मोबाइल नाहीं, आणि रात्रीं निजतांना सर्वांचे मोबाइल बैठकींतल्या एका टेबलावर. स्वतः अंथरुणांत पडल्यापडल्या पडदा सरकविणाऱ्या बापाचा उपदेश मुलें ऐकत नाहींत, आणि तें योग्यच आहे. इन्स्टाग्रामवर पसंतीचा आंकडा झांकून ठेवण्याची सोय २०२१ सालापासून आहे. ती मुलीबरोबर बसून, तिच्या संमतीनें, चालू करून द्यावी.

दुसरी गोष्ट, या यंत्राचें कसब मुलीला उकलून दाखवावें. एक सोपा धडा सांगतों. मोबाइल चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरून स्वतःचें छायाचित्र काढावें. नाकाचा शेंडा कानांपेक्षां सुमारें चार इंच पुढें असतो. नाक बारा इंचांवर, तर कान सोळा इंचांवर. म्हणून कानाच्या मानानें नाक तृतीयांशानें मोठें उमटतें. आतां तोच मोबाइल दुसऱ्या कोणाच्या हातीं देऊन पांच फुटांवरून छायाचित्र घ्यावें. नाक साठ इंचांवर, कान चौसष्टांवर. फरक पंधराव्या भागाइतका उरतो. अमेरिकेंतील डॉक्टरांनीं २०१८ सालीं असाच हिशेब प्रसिद्ध केला होता, आणि फूटभर अंतरावरून घेतलेल्या छायाचित्रांत नाक सुमारें ३० टक्के अधिक रुंद दिसतें असें दाखविलें होतें. त्यांना तो करावा लागला, कारण असलीं छायाचित्रें घेऊन लोक नाक नीट करून घेण्यासाठीं शस्त्रवैद्यांकडे येऊं लागले होते! दोन्ही छायाचित्रें शेजारीं शेजारीं ठेवून मुलीला विचारावें, "यांतलें तुझें नाक कोणतें?" हा भूमितीचा पाठ दहा उपदेशांहून अधिक काम करितो, कारण त्यांत तिला कोणी गप्प बसवीत नाहीं, तीच शोधून काढते.

तिसरी गोष्ट, आपली जीभ. घरांत कोणाच्याहि शरीरावर शेरा मारावयाचा नाहीं, असा नेम धरावा. वाईट शेरा तर नाहींच, पण दरवेळीं रूपाची स्तुतीहि नको. "किती गोड दिसतेस" याच्या जागीं "आज पेटी फार छान वाजविलीस", "चढावावर सायकल न उतरतां आणलीस" असें म्हणून पाहावें. आयांनीं मुलींदेखत आपल्या स्वतःच्या अंगाला नांवें ठेवूं नयेत. जी आई आरशासमोर उभी राहून "बाई, केवढी सुटलें मी" म्हणते, ती शेजारीं उभ्या असलेल्या मुलीला न बोलतां एक धडा देत असते. आणि मुलीच्या शरीराला कांहींतरी काम द्यावें: खोखो, कबड्डी, पोहणें, सिंहगडाची चढण, नाच, कांहींहि. जें शरीर कामाला येतें त्याच्याविषयीं मनांत आपलेपणा उपजतो.

चौथी गोष्ट, मुलग्यांना विसरूं नये. बहिणीच्या मैत्रिणींच्या छायाचित्रांना गुण देणारा, वर्गांतल्या मुलीला 'ढोली' म्हणणारा मुलगाहि आपल्याच घरांत वाढतो. त्याला वेळीच आवरणें हें त्याच्या बहिणीचें रक्षण करण्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

आणि शेवटची गोष्ट सावधगिरीची. मुलगी जेवणाच्या वेळा सतत टाळूं लागली, जेवून लगेच न्हाणीघरांत जाऊं लागली, झपाट्यानें वाळली, पाळी बंद झाली, किंवा आरशाशीं झगडा करून रडूं लागली, तर तो हट्ट वा नखरा समजूं नये. तो आजार असूं शकतो, आणि त्यावर उपाय आहेत. डॉक्टरांना दाखवावें. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तेथें मानसिक त्रासाविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. ताप आला असतां आपण जसें लाजत नाहीं तसें येथेंहि लाजूं नये.

श्रोतेहो, आपल्या मुलींना आपण शिकविलें, घराबाहेर पाठविलें, त्या डॉक्टर व्हाव्यात, अधिकारी व्हाव्यात अशी इच्छा धरली. पाटावरून उठवून त्यांना बांकावर बसविण्यास दोन-तीन पिढ्यांचे श्रम पडले. आतां त्या पुन्हां कोणा दुसऱ्याच्या नजरेच्या पाटावर बसूं नयेत, एवढी काळजी आपल्या पिढीनें घ्यावयाची आहे. त्यासाठीं फार मोठी विद्वत्ता लागत नाहीं. आज रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांनीं मोबाइल दूर ठेवावेत, मुलीच्या पानांत पोळी वाढावी, आणि तिच्या तोंडाकडे न पाहतां तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यावें. आरंभाला इतकें पुरे आहे.